गॅलरीसमोरच्या ढोलीतली पिंगळ्यांची जोडी

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात एरंडवण्यात राहणाऱ्या एक ताई नोकरी सोडून आईला सांभाळतायत. आईंना डिमेन्शिया आहे आणि रात्रीची झोप जवळजवळ नाहीच. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीसमोर एक जुना वर्षावृक्ष आहे, त्याच्या ढोलीत दोन छोटी घुबडं राहतात. संध्याकाळी गॅलरीत बसवलं की आई त्यांच्याकडे बोट दाखवतात. पहाटे तीनला फक्त याच घरात दिवा असतो, तेव्हा त्या दोघांचा आवाज आला की ताईंना सोबत वाटते. शेजारच्या काकूंनी मात्र सांगितलं की आजारी माणसाच्या घरासमोर घुबड म्हणजे लक्षण बरं नाही, हाकलून लावा. ताईंचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी मनात पाल चुकचुकलीच. त्या विचारतात: हा पक्षी कोणता, तो आम्हाला ओळखतो का, त्याला खायला द्यावं का, मध्यरात्री कधीतरी येणारी, आईंना घाबरवणारी ती भयंकर किंकाळी कुणाची, आणि यात इतका जीव गुंतणं बरं आहे का. शेवटी एक काळजी: सोसायटी उन्हाळ्यात झाडाची छाटणी करणार आहे.

ताई, काकूंचं बोलणं डोक्यातून गेल्याशिवाय बाकीचं तुमच्याकडून नीट वाचलं जाणार नाही, म्हणून आधी तेच घेते.

आजारी माणसाच्या घराजवळ घुबड ओरडतं, हे लोकांनी पाहिलेलं खोटं नाही. त्याचं कारण साधं आहे. ज्या घरात आजारपण असतं तिथे रात्रभर दिवा जळतो. दिव्यावर पतंग येतात, भुंगेरे येतात, किड्यांसाठी पाली येतात आणि या सगळ्यांसाठी पिंगळा, म्हणजे हे छोटं घुबड, येतो. शिवाय त्या घरात कुणीतरी उशाशी जागं बसलेलं असतं, म्हणजे तो आवाज ऐकायला माणूसही असतो. बाकीची आळी झोपलेली. पुढे आजारी माणूस गेला तर त्या रात्रीचं घुबड सगळ्यांना आठवतं, बरा झाला तर कुणालाच आठवत नाही. कित्येक वर्षं रात्री-अपरात्री या पक्ष्यांमागे हिंडल्यावर माझं मत असं झालंय की घुबड अपशकुन घेऊन येत नाही, ते आधीपासून तिथेच असतं. आपण जागे राहायला लागलो की ते आपल्याला ऐकू येतं.

आमच्या गावाकडे सांगायचे की घुबडाला दगड मारू नये. ते तो दगड उचलून नदीवर नेतं आणि घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. या भीतीने कितीतरी घुबडं वाचली असतील. आणि आपल्याच महाराष्ट्रात अंधार असताना दारावर येऊन भविष्य सांगणारा एक भिक्षेकरी होता, त्यालाही पिंगळाच म्हणत. त्याला या पाखराची बोली कळते असं मानून बायका त्याच्या झोळीत पसाभर धान्य घालायच्या. काकूंना याची आठवण करून द्या. वाद घालण्यापेक्षा ते उपयोगी पडेल.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतली जोडी पिंगळ्यांचीच आहे, यात मला शंका नाही. साळुंकीपेक्षा जरा लहान, पण अंगाने गोल आणि डोक्याने मोठा, करड्या-तपकिरी पाठीवर पांढरे ठिपके, पिवळे डोळे, वर पांढऱ्या भुवया. पुण्यात सगळ्यात जास्त दिसणारं घुबड हेच. प्रभात रस्त्याच्या गल्ल्या, विद्यापीठाचा परिसर, एम्प्रेस गार्डन, सहकारनगर, जुनी झाडं जिथे जिथे उरली आहेत तिथे तिथे पिंगळा आहे. त्याला जंगल लागत नाही. एक ढोली, थोडं मोकळं मैदान आणि किडे पुरतात. जोडी वर्षभर एकाच भागात राहते, त्यामुळे तुम्ही रोज पाहता ते तेच दोघं आहेत असं मानायला हरकत नाही.

मध्यरात्रीची किंकाळी मात्र यांची नाही. पिंगळे बोलतात ते 'चिरर्र चिरर्र, चिवक चिवक' असं, भांडण जुंपल्यासारखं, आणि बहुतेक वेळा दोघं मिळून. तुम्ही वर्णन केलेला लांबलचक, खरखरीत, कापड टरकावल्यासारखा आवाज गव्हाणी घुबडाचा. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, खालून जवळजवळ सगळं पांढरं अंग, आणि उडताना पंखांचा आवाज नाही. रस्त्याच्या दिव्यात असं काही डोक्यावरून गेलं तर धीट माणूसही दचकतो, आई घाबरल्या यात नवल नाही. पेठांमधल्या वाड्यांच्या माळ्यांवर, झरोक्यांत ही घुबडं पिढ्यान्‌पिढ्या राहायची. वाडे गेले तशी ती पुलांखाली, बंद इमारतींमध्ये आणि बिल्डिंगच्या डक्टमध्ये सरकली. याच्या कानांची भोकं डोक्याच्या दोन बाजूंना वर-खाली असतात. उंदराची खसफस एका कानात किंचित आधी आणि वेगळी पोचते, तेवढ्या फरकावरून ते पूर्ण अंधारात नेमकी झडप घालतं. आईंना रात्री तो आवाज आला तर 'उंदीर पकडायला आलंय गं' एवढंच सांगा. कारण कळलं की निम्मी भीती जाते, आणि उंदीर पकडणं हे तर आईंच्या पिढीला पटणारं काम.

आता तुम्ही ज्यासाठी लिहिलंत ते. तो आम्हाला ओळखतो का?

पिंगळा तुमच्याकडे टक लावून बघतो, मान खाली-वर, डावी-उजवी हलवतो, आणि वाटतं की तो काही विचारतोय. खरं तर तो अंतर मोजत असतो. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, आपल्यासारखे फिरत नाहीत. म्हणून डोकंच हलवून तो वेगवेगळ्या कोनांतून बघतो. मानेत आपल्याला सात मणके, त्याला चौदा, त्यामुळे मान जवळजवळ पाऊण वर्तुळ वळते. तुमची गॅलरी, तुमची खुर्ची, आईंची शाल, संध्याकाळची तुमची हालचाल याची त्याला सवय झालेली आहे. त्यापासून धोका नाही हे त्याला कळलेलं आहे, म्हणून तुम्ही असताना तो आत पळत नाही. नवा माणूस गॅलरीत आला की फरक बघा: तो अंग आवळून उंच होईल किंवा थेट ढोलीत जाईल. ओळख म्हणाल तर एवढी. मला ती थोडी वाटत नाही. एका रानपाखराने आपल्याला धोक्याच्या यादीतून काढणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती तुम्ही रोज शांत बसून मिळवलेली आहे.

माया मात्र तो करत नाही, आणि हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण मला यातच आधार सापडला. माझी आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती. त्या काळात भेटणारा प्रत्येक माणूस मला काहीतरी विचारायचा, सुचवायचा, किंवा माझ्याकडून काहीतरी अपेक्षा ठेवायचा. खिडकीबाहेरच्या शिरीषावरच्या पिंगळ्याला माझ्याकडून काहीच नको होतं. मी नीट सांभाळते आहे की नाही, चिडले की रडले, त्याला काही नव्हतं. तो त्याच्या वेळेला यायचा, अंग झाडायचा, कामाला लागायचा. दिवसभर दुसऱ्याच्या गरजा पुरवणाऱ्या माणसाला अशी बिनमागणीची सोबत कुठे मिळते? तुम्हाला पहाटे तीनला जे वाटतं ते वेड नाही. तुम्ही जाग्या आहात आणि तोही जागा आहे. त्याच्यासाठी ती रात्र म्हणजे रोजचा कामाचा दिवस.

आईंबद्दल एक सांगते. डिमेन्शियाच्या पुष्कळ रुग्णांची बेचैनी दिवस मावळताना वाढते, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच. पिंगळ्याची बाहेर पडायची वेळ नेमकी तीच. तेव्हा ती वेळ त्याच्या नावावर करा. दिवेलागणीच्या अर्धा तास आधी आईंना खुर्चीत बसवा, टीव्ही बंद, चहा हातात, आणि दोघी मिळून ढोलीकडे बघा. आधी ढोलीच्या तोंडाशी फक्त कपाळ आणि पांढऱ्या भुवया दिसतील. पक्षी बराच वेळ तसाच राहील. मग बाहेर येऊन फांदीवर बसेल, एक पंख आणि त्याच बाजूचा पाय एकत्र लांब ताणेल, मग दुसऱ्या बाजूचा. अंगाची सगळी पिसं फुलवून झटकेल. दुसरा आला की दोघं खेटून बसतील आणि एकमेकांच्या डोक्यावरची, मानेवरची पिसं चोचीने विंचरतील. मग पहिली हाक. हे सगळं हळू आणि रोज त्याच क्रमाने होतं. ज्या माणसाच्या डोक्यात दिवसाचे तुकडे झालेत त्याला असा क्रम बघायला बरा वाटतो. आईंना तुमचं नाव कधी आठवतं, कधी नाही, असं तुम्ही लिहिलंत. बोट मात्र त्या न चुकता दाखवतात. नाव विचारून त्यांना अडचणीत टाकू नका. 'आले का गं?' एवढाच प्रश्न पुरे. त्याचं उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर बसलेलं असतं.

एक वही ठेवा. तारीख, पहिला कधी बाहेर आला, दुसरा कधी, आणि काही वेगळं दिसलं तर एक ओळ. पुण्यात नोव्हेंबरअखेरीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनच्या शेवटी सव्वासातला, त्यामुळे वहीतली वेळ सूर्याबरोबर सरकत जाताना दिसेल. ज्या दिवसात दुसरं काहीच धड झालं नाही, त्या दिवशीही वहीत एक ओळ पडलेली असते. मला माझ्या त्या वर्षाच्या वह्या आजही जपून ठेवाव्याशा वाटतात.

आता जानेवारी आहे, म्हणून पुढचं आधीच सांगून ठेवते, नाहीतर काळजी कराल. यांचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. येत्या काही आठवड्यांत एक दिवस अचानक एकच पिंगळा दिसायला लागेल. दुसरा मेला असं समजू नका. तो ढोलीत अंड्यांवर बसलेला असेल, आणि बाहेरचा त्याला खाणं नेऊन देईल. अंडी तीन-चार असतात, उबवायला महिनाभर लागतो. पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवणं सुरू होतं, म्हणून पिल्लं लहान-मोठी असतात. खाणं कमी पडलं तर सगळ्यात धाकटं बहुधा टिकत नाही. हे कठीण वाटेल, पण आधी माहीत असलेलं बरं. आणखी महिनाभराने उरलेली पिल्लं फांदीवर रांगेने बसतील. तो आठवडा कुठल्याही कारणाने चुकवू नका.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर लगेच घरात आणू नका. उडता येण्याआधी ती फांद्यांवर धडपडत हिंडतात आणि पडतात. जखम नसेल तर रुमालात धरून मांजर पोचणार नाही अशा उंच फांदीवर ठेवा, आई-बाप तिथे येऊन भरवतात. दूध, पाव, खिमा काही घालू नका. जखमी असेल तर झाकणाला भोकं असलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. बावधनला रेस्क्यू ट्रस्टचं वन्यप्राण्यांचं उपचार केंद्रही आहे.

खायला मात्र घालायचं नाही. मटणाचा तुकडा ठेवलात की आधी कावळे येतील, मग मांजर, आणि त्या ढोलीचा पत्ता सगळ्यांना लागेल. त्यांना खरंच काही द्यायचं असेल तर सोसायटीतलं उंदरांचं औषध थांबवा. ब्रोमॅडिओलोनसारखं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, म्हणजे घुबडाला सगळ्यात सोपी शिकार. मग तेच विष घुबडाच्या पोटात जातं आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. कचऱ्याची झाकणं बंद, डक्टला जाळी आणि साधा पिंजरा, एवढ्यावर उंदीर आटोक्यात राहतात. चिकट पाट्या तर उघड्यावर ठेवूच नयेत, त्यात पिंगळ्याचे पंख अडकतात. हे मी फार कळकळीने सांगते, कारण एका बाजूला लोक घुबडाचे फोटो काढतात आणि त्याच जिन्याखाली विषाच्या वड्या ठेवलेल्या असतात.

ते काय खातात हे बघायचं असेल तर त्यांच्या बसायच्या फांदीच्या बरोबर खाली शोधा. बोटाच्या पेरापेक्षा लहान, करड्या-काळ्या गोळ्या पडलेल्या दिसतील. न पचलेलं ते असं तोंडावाटे टाकतात, आम्ही त्याला पेलेट म्हणतो. हातमोजे घालून एक गोळी पाण्यात भिजवा आणि सुईने हळूच सोडवा. भुंगेऱ्यांची चकचकीत कवचं, नाकतोड्याचे काटेरी पाय, कधी केसांत गुंडाळलेला इवलासा जबडा. पुढचे दात पिवळे-नारिंगी असतील तर उंदीर, सगळे पांढरे टोकदार असतील तर चिचुंद्री. तुमचा भाचा सुट्टीला येणार आहे ना? त्याच्यासाठी दुपारचा उत्तम उद्योग.

फ्लॅश वापरू नका, टॉर्च ढोलीवर मारू नका, आणि मोबाइलवर त्यांचा आवाज वाजवून बोलावू नका. विणीच्या दिवसांत त्यांना वाटतं दुसरी जोडी घुसली, आणि अंडी सोडून बाहेर येतात. फोटो ग्रुपवर टाकलेत तरी जागा सांगू नका. जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे लोक आजही आहेत, दिवाळीच्या आसपास जास्त. घुबड पकडणं, पाळणं, विकणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

इतका जीव गुंतणं बरं का? बरं आहे. फक्त एक बघा. आठवडाभरात पिंगळ्यांशिवाय कुणाशीच मनातलं बोलणं झालं नाही असं लक्षात आलं, तर त्या आठवड्यात एका माणसाला फोन करायचाच. आईंच्या डॉक्टरांना रात्रीच्या मदतनीस बाईंबद्दल आणि रुग्णांच्या घरच्यांच्या गटांबद्दल विचारा. पिंगळा रात्रीची सोबत देईल, तुमची झोप नाही भरून काढणार.

आणि तुमचा भाऊ आईंजवळ येऊन थांबतो त्या संध्याकाळी घराबाहेर पडा. एरंडवण्यातून वेताळ टेकडी जवळ आहे. वर दगडाच्या जुन्या खाणी आहेत, आणि पुण्याच्या आसपासच्या अशा कडेकपारींत शृंगी घुबड राहतं. डोक्यावर शिंगांसारखे दोन तुरे, नारिंगी डोळे, कावळ्याहून बरंच मोठं. घरटं बांधत नाही, कपारीत जमिनीवरच अंडी घालतं. म्हणून कड्याच्या जवळ जायचं नाही, लांबूनच थांबायचं. सूर्य मावळला की 'बूऽ बो' असा खोल घुमारा येतो आणि तो शहराच्या आवाजातही ऐकू येतो. एकट्या जाऊ नका, टेकडीवर रोज फिरणाऱ्यांबरोबर जा आणि काळोख दाटायच्या आत उतरा. घुबडांविषयी आणखी जाणून घ्यावंसं वाटलं तर पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीची माहिती काढा. पुण्याच्या इला फाउंडेशनने 2018 साली तिथे घुबडांचा उत्सव भरवला आणि गावातल्या मुलांनी घुबडांची चित्रं काढली, नाटुकली केली. तुमच्या काकूंना ते फोटो जरूर दाखवा.

दुर्बीण घ्यायची असेल तर 8×32 (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 32 मिलिमीटरचं) पुरे, मोठी घेऊ नका. दिवसभर आईंना उचलून-बसवून दमलेल्या हातांना जड दुर्बीण पेलत नाही. आईंसाठी दुर्बिणीची गरज नाही, त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसतंय तेवढं छान आहे.

राहिली छाटणी. ती उन्हाळ्यात होणार म्हणजे नेमकी पिल्लं ढोलीत असताना. वाळकी, पोकळ फांदी हीच छाटणाऱ्यांना धोकादायक वाटते आणि ढोली नेमकी तीच असते. सेक्रेटरींना आत्ताच लेखी पत्र द्या: ढोलीत संरक्षित पक्ष्याची वीण चालू आहे, ती फांदी सोडून बाकीची छाटणी करावी, आणि शक्यतो मे अखेरपर्यंत थांबावं. पत्राबरोबर ढोलीचा तारखेसह फोटो आणि वहीतल्या नोंदींची प्रत जोडा. छाटणीसाठी महापालिकेची परवानगी लागते आणि झाडांना 1975 च्या राज्य कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा त्याच पत्राची एक प्रत उद्यान विभागाला द्या आणि पोच घ्या. फांदी खरोखरच रस्त्यावर कलली असेल तर ती मुळापासून न कापता टोकाकडचं वजन कमी करून ढोलीचा भाग ठेवता येतो, छाटणाऱ्या मुकादमाला हे समजतं. तो येईल त्या दिवशी सकाळी तुम्ही किंवा भाऊ खाली उभे राहा आणि नेमकी फांदी हाताने दाखवा. पत्राचा मसुदा हवा असेल तर कळवा, मी लिहून देते.